जुन्या लास वेगस ढंगाच्या चिप्स घरीच डिझाइन करायच्या आहेत

वऱ्हाडी_पत्ते (दारव्हा): सहा जणांच्या पत्त्यांच्या खेळासाठी ३०० चिप्स (डावात पैशांऐवजी लावायच्या गोल चकत्या) हव्यात. लूक १९६०च्या कॅसिनोचा पाहिजे. कोऱ्या चिप्सवर स्टिकर लावू की सिरॅमिकच्या चिप्सच छापून घेऊ?

छपाईवाला: स्टिकर स्वस्त, पण चिप खोलगट खाच असलेलीच घ्या. जुन्या क्ले चिपमधला इनले (मधलं गोल छापील चित्र) उष्णतेने दाबून बसवलेला असतो, म्हणून पृष्ठभागाशी सपाट राहतो. सपाट चिपवरचा स्टिकर उचललेला राहतो आणि चळत घसरते. खाच कॅलिपरने मोजा, स्टिकर अर्धा मिमी लहान ठेवा. चित्र मात्र चारही बाजूंनी दीड मिमी जास्त काढा, नाहीतर कापताना पांढरी कड दिसते. कागद नको, मॅट लॅमिनेशनचं व्हिनाइल घ्या. अन् भाऊ, डबा मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका. गोंद मऊ होऊन कडा उचलतात.

काठावरचे_पट्टे: पट्टे कडेवरही पाहिजेत तर सिरॅमिकच. पट्टे रुंद ठेवा, बारीक रेघ तोंडावरून कडेवर जाताना हमखास सरकते.

वऱ्हाडी_पत्ते: रंग अन् वाटणी?

छपाईवाला: नेवाडाची (लास वेगस ज्या राज्यात आहे तिथली) रीत: ५ किमतीची चिप लाल, २५ची हिरवी, १००ची काळी. वाटणी: ५च्या १२० चिप्स, २५च्या १००, १००च्या ६०, ५००च्या २०. ५००ची जांभळी करा. इनलेची पार्श्वभूमी शुभ्र नको, सायीच्या रंगाची ठेवा. जुनेपणा तिथूनच येतो. खोटे ओरखडे छापणं मला तरी बाष्कळ वाटतं. अन् खऱ्या कॅसिनोचं नाव उचलण्यापेक्षा 'दारव्हा क्लब' लिहा.