शब्दचर्चा: 'तटस्थ' नीती आणि यंत्राचा 'विचार'

देवगडहून: भाचा सुट्टीत आलाय. त्याचं म्हणणं, नीती यंत्रासारखी तटस्थ असावी, आणि आता यंत्रंही विचार करतात. मला दोन्ही शब्द खटकले. जाणकारांनी उलगडावं.

वेंगुर्ल्याहून: तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. जुन्या मराठीत 'सभा तटस्थ झाली' म्हणजे थक्क झाली असाही अर्थ आहे, तो आता मागे पडला. पण आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात तेव्हा काठावरचा माणूसच कामाचा! दोर किनाऱ्यावरूनच खेचायचा. नुसता बघत उभा राहिलात तर कुणीतरी हाक मारणारच, 'बघतंस काय, हात लाव.' हात लावला तर वाटा, नाहीतर नाही. म्हणजे काठावर राहणं हीसुद्धा एक बाजू झाली. शिवाय नीती 'नी' धातूवरून, म्हणजे नेणे. जी नेते ती काठावर उभी कशी राहील?

मालवणहून: यंत्राक तट खंयचो? आमच्या होडयेर फिशफाइंडर आसा. मासेमारीच्या बंदीच्या दिवसात चालू केलो तरी मासो दाखयतलोच. ह्या काय तटस्थपण नाय, बंदी म्हणजे काय ताच तेका ठावक नाय.

अलिबागहून: 'विचार'चं बघा. वि + चर्, म्हणजे इकडेतिकडे फिरणं. 'यंत्र' यम् धातूवरून, आवरून धरणं. एक फिरणारा, दुसरं बांधलेलं, व्युत्पत्तीनेच भांडण. (व्युत्पत्तीवरून निकाल लागत नाही, हे मलाही कळतं.) मराठीत विचार करणं आणि विचारणं एकाच मुळाचं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली 'यंत्रं विचार करू शकतात का' हा प्रश्न घेतला आणि शब्दांचे अर्थ धूसर म्हणून तो बाजूला ठेवून खेळ मांडला: माणूस लिहून प्रश्न विचारणार, पलीकडे यंत्र की माणूस हे ओळखणार. त्यात विचारणारा माणूसच. यंत्र स्वतःहून विचारतं का, ही माझी कसोटी.

देवगडहून: कसोटी बुडाली. फोनमधला चॅटबॉट भाच्याला उलट विचारतो, 'आणखी काही मदत हवी का?'

अलिबागहून: ते हॉटेलातला वेटरही विचारतो, ऑर्डर मिळावी म्हणून. अडलं म्हणून विचारणं वेगळं.

देवगडहून: बरं. मग 'तटस्थ'ऐवजी 'निःपक्ष' चालेल?

वेंगुर्ल्याहून: न्यायाधीशाला चालेल, त्याला दोन्ही पक्ष माहीत असतात. त्या फिशफाइंडरला 'अजाण' म्हणा.