मदत हवी आहे: बाईकच्या टाकीची चमक आठवड्यात उतरते, घासत राहू की नवीन रंग मारू?

नवा_जुना:

मंडळी, जरा सल्ला हवाय. सेकंडहँड गाडी घेतलीये, काळी. इंजिनबद्दल काही तक्रार नाही, पण रंगाने डोकं खाल्लंय. सावलीत उभी असली की बरी दिसते, उन्हात काढली की टाकीभर बारीक गोल गोल चरे, आणि आपण हललो की ते चरेपण उन्हाच्या तिरिपेबरोबर हलतात. गुडघे लागतात त्या दोन्ही बाजूंना रंग धुरकट झालाय. पेट्रोलच्या झाकणाभोवती पांढुरकी कड आलीये ती वेगळीच. बाटलीतलं लिक्विड पॉलिश आणून हाताने मारलं तर गाडी शोरूममधून आल्यासारखी झाली, मी खूश, आणि दोनदा धुतली की परत पहिले पाढे पंचावन्न. कोणी म्हणतं टूथपेस्ट लाव, कोणी म्हणतं डिझेलचं फडकं मार, गॅरेजवाला म्हणतो कशाला नादी लागता डायरेक्ट सिरॅमिक कोटिंग करून टाका. पुढचं मडगार्ड आणि साइड पॅनल प्लास्टिकचे आहेत, हेडलाइटचं काउल मॅट आहे, म्हणजे सगळीकडे एकच इलाज चालेल का तेही कळत नाही. पॉलिशचं मशीन कधी हातात धरलेलं नाही. कंपाउंडने, म्हणजे त्या जास्त घासणाऱ्या पेस्टने, रंग आरपार निघाला तर काय करायचं ही खरी भीती.

तिरकस:

टाकी उतरवा, पेंटरकडे द्या, विषय संपवा. जुन्या रंगाचे लाड किती करायचे.

बफिंगबुवा:

तिरकस, थांबा हो. फॅक्टरीचा रंग एकदा काढला की परत तसा बसवणारे हात कमीच असतात. आधी बिघडलंय काय ते तर बघू.

खाली प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे तो काळा रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्यातला क्लिअर धरा ३५ ते ५०. तुमचे गोल चरे बहुतेक त्या क्लिअरच्या अगदी वरच्या थरातच असणार, धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की हेच होतं. आधीचे मालक रोज सकाळी फडकं घेऊन गाडी चकाचक करणाऱ्यांपैकी असावेत :) तसे चरे सगळ्याच रंगांवर पडतात, काळ्यावर दिसतात जास्त.

आता चमक उतरते का, तर अशा बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो. तो चऱ्यात बसतो, चरा काही जात नाही. धुतलं की भराव गेला आणि चरा जिथल्या तिथे. डिझेल म्हणजे नुसता तेलाचा थर, वर धूळ चिकटणार, शिवाय रबराची वाट. टूथपेस्ट घासते खरी पण किती घासते याचा नेम नाही. सिरॅमिकचं म्हणाल तर ते पारदर्शक असतं, खालचे चरे तसेच ठेवून वर मारलं तर चऱ्यांसकट सील करून ठेवाल, मग ते काढायला आधी कोटिंग घासावं लागेल.

तर असं करा. गाडी नीट धुवा आणि चऱ्यांवरून नख आडवं फिरवा, अडकतं का बघा. मग तोच भाग पाण्याने ओला करा. ओलं असताना डाग किंवा चरा दिसेनासा झाला तर बिघाड वरवरचा आहे, पॉलिशने जाईल. ओल्यातही दिसतोय तर तो खालच्या थरात आहे, तिथे घासून काही मिळायचं नाही. आणि पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन प्रत्येक पार्टवर कोपऱ्यात हलकं चोळा, फडक्यावर काळं येतं का ते सांगा.

नवा_जुना:

केलं सगळं. चऱ्यांवर नख अडकत नाही, एक लांब ओरखडा सोडून, तो बहुतेक कोणाच्या जॅकेटच्या चेनचा असावा. ओलं केल्यावर गोल चरे गायब, गुडघ्याचा धुरकटपणापण जवळजवळ गायब. झाकणाची पांढरी कड मात्र तशीच दिसते, ओली काय कोरडी काय. आणि गंमत म्हणजे टाकीवर फडकं स्वच्छ राहिलं, साइड पॅनलवर पण स्वच्छ, पुढच्या मडगार्डवर मात्र काळं काळं आलं!

बफिंगबुवा:

वा, निम्मं काम झालं. मडगार्ड नंतर कोणीतरी रंगवलेलं आहे, वर क्लिअर नाही, नुसता रंग. आतल्या कडेला हात घालून बघा, रंगाचे शिंतोडे किंवा टेपची रेघ सापडेल. तिथे फडक्यावर रंग येणारच, घाबरू नका, पण थर किती पातळ मारलाय देव जाणे म्हणून तिथे मशीन नको. हाताने फाइन पॉलिश, तेही हात राखून.

टाकी मात्र सुधारेल. सावलीत, टाकी गार असताना काम करा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरी फक्त मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला. मिट नसेल तर जाड मायक्रोफायबर चालेल. भांड्यांचा साबण एरवी वापरू नये, वॅक्स काढून टाकतो, पण आत्ता जुनं सगळं काढायचंच आहे तर एकदा चालेल. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या टाकीवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटतं तेच पिशवीतून खरखरीत लागतं, ती चिकटलेली घाण. त्याला क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर ओलं ठेवून, जोर न लावता, आणि क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

मग टेप. टाकीच्या कडा, घडी जिथे वळते त्या रेघा, झाकणाची रिंग, स्टिकरच्या कडा, सगळं मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा जोर तिथेच येतो, आरपार जातो तो तिथेच.

मशीन डीए घ्या, म्हणजे पॅड फिरता फिरता डोलतो ते, ड्युअल अ‍ॅक्शन. नुसतं गोल फिरणारं रोटरी नवख्या माणसाने घेऊ नये, एका जागी तापवतं. मोटरसायकलला ३ इंची पॅड पुरे, मोठा पॅड टाकीच्या वळणावर टेकतच नाही. आणि सुरुवात कंपाउंडने नका करू. हातभर जागा घ्या, मऊ पॅड, फाइन पॉलिशचे वाटाण्याएवढे तीनचार ठिपके, सावकाश आडवं मग उभं, पॅड सपाट. पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने परत पुसा. हे पुसणं टाळू नका, कारण तेलाने झाकलेला चरा त्याशिवाय उघडा पडत नाही, नाहीतर आठवड्याने परत इथेच याल. टॉर्च तिरका धरून बघा. चरे गेले तर तेच सगळीकडे, राहिले तरच एक पायरी वर, म्हणजे कंपाउंड. चेनचा ओरखडा नख अडकण्याइतका आहे म्हणजे पूर्ण जाणार नाही, कडा गोलसर होऊन फिका पडेल तेवढ्यावर समाधान माना. त्याच्या मागे लागून क्लिअर संपवू नका.

क्लचवायर:

बुवांच्यात माझी थोडी भर. प्लास्टिकचे पॅनल उष्णता पसरवत नाहीत, टाकीच्या पत्र्यापेक्षा लवकर तापतात, तिथे स्पीड कमी आणि मधेमधे हात लावून बघत जा. रंगाची जाडी मोजायचं मशीन कोणाकडून मिळालं तर टाकीवर चालेल, प्लास्टिकवर ते साधं मशीन काही दाखवत नाही, खाली लोखंड लागतं त्याला. मॅट काउलला पॉलिश, वॅक्स, कंपाउंड काहीही नाही म्हणजे नाही! घासलं की तेवढाच चट्टा चमकायला लागतो आणि तो परत मॅट होत नाही. नुसता शाम्पू किंवा मॅटसाठीचं वेगळं क्लीनर. आणि काम करताना ब्रेक डिस्क झाकून ठेवा हो, पॉलिश उडतं. सीटला आणि टायरला चकचकीत काही फासू नका, वळणावर कळेल का ते.

तिरकस:

आणि झाकणाच्या कडेचं काय? तिथे तर पेंटरच लागणार ना शेवटी?

वॉटरपेपर:

हो, तिथे तिरकस यांचं बरोबर आहे, मी पेंटिंगमधलाच आहे. ओलं करूनही पांढरं दिसतंय म्हणजे क्लिअर खालून सुटलाय, मधे हवा शिरली. नवा_जुना, झाकणाच्या रिंगचे स्क्रू काढून खालची कड बघा, नख क्लिअरखाली जातं का. जात असेल तर त्यावर पॅड फिरवू नका, पोपडा उचलेल आणि हातभर निघून येईल.

बऱ्याच टाक्यांना झाकणाच्या खोबणीत पाणी निचरा व्हायला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की पाणी आणि सांडलेलं पेट्रोल रिंगभोवती साचून राहतं. ते आधी मोकळं करा, नाहीतर नवीन रंगाचंही तेच होईल.

स्प्रे कॅनने तेवढीच कड मारू असं डोक्यात आलं असेल तर ऐका. साधा, हार्डनर नसलेला वन-के क्लिअर पेट्रोलला टिकत नाही, एक थेंब ओघळला की मऊ पडून चिकट होतो. टाकीला टू-केच हवा, हार्डनरवाला. पण त्यात आयसोसायनेट असतं, कापडी मास्क काही कामाचा नाही, दम्यासारखं दुखणं कायमचं मागे लागू शकतं, त्यामुळे ते घरच्या गॅलरीत करायचं काम नव्हे. आणि पेंटरला आधीच सांगा की टाकीवर पॉलिश वापरलंय. सिलिकॉन राहिलं असेल तर नवीन रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, मग शिव्या आम्हालाच.

नवा_जुना:

रिंग काढली, वॉटरपेपर म्हणाले तसंच निघालं, एका बाजूला नख आत जातं. भोक पण बुजलेलंच होतं. म्हणजे आता टाकी पेंटरकडे जाणारच असेल तर चऱ्यांवर मेहनत घेण्यात अर्थ आहे का?

वॉटरपेपर:

सोललेला भाग रिंगखालीच असेल तर घाई नाही, महिनोनमहिने तसाच राहू शकतो. कड रोज कोरडी ठेवा, पेट्रोल भरताना नोझल टेकवू नका, सांडलं की लगेच पुसा. सोलणं रिंगच्या बाहेर पसरायला लागलं की मग पूर्ण टाकीला क्लिअर मारून घ्या, तेवढाच ठिगळ मारला तर काळ्यावर जोड दिसणारच.

बफिंगबुवा:

आणि पॉलिशची मेहनत वाया जात नाही, साइड पॅनल तर करायचेच आहेत ना. पॅनलपासून सुरुवात करा, टाकीपेक्षा बदलायला सोपे, हात तिथे बसू दे. फक्त प्लास्टिक आहे, क्लचवायरनी सांगितलेलं स्पीडचं लक्षात ठेवा. मग टाकीच्या बाजू, झाकणापासून चार बोटं लांब राहून.

नवा_जुना:

ठीक, मग पॅनलपासूनच. शेवटचा प्रश्न, झाल्यावर वर काय लावू? आणि पुढेमागे क्लिअर मारलाच तर त्यावर लगेच कोटिंग चालतं का?

वॉटरपेपर:

नवीन रंगावर वॅक्स, सीलंट (वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर), कोटिंग काही नाही निदान महिनाभर, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो. पेंटरने भट्टीत भाजून दिलं असेल तर त्यालाच विचारा, तिथे लवकर चालतं.

बफिंगबुवा:

आत्ताच्या रंगावर साधं सीलंट लावा. कार्नोबा वॅक्स काळ्यावर दिसतं छान पण उन्हात लवकर उतरतं. कोटिंगचा खर्च टाकीचा निकाल लागल्यावर करा. आणि गुडघे घासतात तिथे पारदर्शक टँक ग्रिप (टाकीच्या बाजूंना लावायचे पॅड) चिकटवून टाका, नाहीतर पँट तेवढा भाग परत धुरकट करणारच, वर सीलंट असो की सिरॅमिक.