जवानाच्या मनावरचा ताण: आधी रजा की आधी समुपदेशक?

रहिमतपूरकर (धागाकर्ता)
जवानाच्या ताणाचा विषय निघाला की आपण सियाचिन आणि गोळीबारापाशीच थांबतो. सैनिकांच्या आत्महत्यांवर सरकार संसदेत उत्तर देते, तेव्हा घरगुती अडचणी हे कारण त्यात हमखास असते. बांधाचा वाद, वडिलांचे आजारपण, कर्जाचा हप्ता. पूर्वी हे पत्रातून उशिरा कळायचे. आता भावकीतले भांडण फोनवरून थेट चौकीवर ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला तिथून काहीही करता येत नाही. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा कागदावर आहे. ती गरजेच्या वेळी मिळाली आणि सीओंनी (पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी) जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रावर गावात कोणी हललं, तर निम्मा ताण तिथेच उतरेल. समुपदेशक त्यानंतर.

मनमोकळी
अजिबात पटलं नाही. रजेवर येऊनही रात्रभर जागा राहणारा, फटाका वाजला की जमिनीवर आडवा होणारा माणूस तुम्ही पाहिलेला दिसत नाही. त्याला सातबारा नको, उपचार हवेत. पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला सैन्यदलांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सुरू झाला, तो याच गरजेतून. १४४१६ हा क्रमांक प्रत्येक जवानाच्या घरी माहीत असायला हवा.

माजी सुभेदार
ताई, क्रमांक चांगला आहे, पण तो फिरवणार कोण? आमची वैद्यकीय श्रेणी 'शेप' नावाच्या आरोग्य-मोजपट्टीवर ठरते. त्यातला 'एस' म्हणजे मनाची अवस्था. तो घसरला की बढती अडेल, ही धास्ती प्रत्येकाला असते. म्हणून जवान एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात जाऊन पाठदुखी सांगतो, झोप लागत नाही हे सांगत नाही. त्याचं बिनसलंय हे सगळ्यात आधी कळतं ते बडीला, म्हणजे त्याच्या जोडीदार जवानाला. जेवणाचं ताट तसंच परत गेलं, तरी बडीच्या लक्षात येतं. पण राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या दहशतवादविरोधी दलात, माणसं मूळ पलटण सोडून दोन-अडीच वर्षांसाठी येतात. ओळख मुरेपर्यंत बदलीचा हुकूम आलेला असतो. माणसं जास्त काळ एकत्र ठेवा, मी तरी हेच आधी मागेन.

जवानाची पत्नी
भांडण फोनवरून पोचतं म्हणता, म्हणजे आम्ही सांगायचंच नाही का? सासूबाईंचं ऑपरेशन मी लपवलं, यांना ते गाववाल्याकडून कळलं आणि जास्त त्रास झाला. फॅमिली क्वार्टरमध्ये होते तेव्हा शेजारणी धावून यायच्या. गावात सगळ्यांना सलामी ठोकायला जवान हवा, त्याच्या बायकोसोबत तलाठ्याकडे जायला कोणी नाही.

रहिमतपूरकर
वहिनी, लपवा असं मी म्हणत नाही. तुमचा तलाठ्याचा मुद्दा तर माझाच आहे. पण मनमोकळी, उपचारांसाठीसुद्धा रजाच लागते, म्हणून माझा क्रम तोच राहील.

मनमोकळी
आजारी माणसाला नुसतं घरी धाडणं म्हणजे त्याचा भार वहिनींसारख्यांवर टाकणं. रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ही लक्षणं ओळखायला शिकवा, मग क्रमावर बोलू.