स्वस्त गाडी: आधी पुराचं बघा

वडोदऱ्यात जुनी गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये ती कुठे उभी होती, ते आधी विचारा. तेव्हा विश्वामित्री नदीच्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन, पॉलिश मारून त्या नव्यासारख्या दिसतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाचा पिवळट डाग बऱ्याचदा राहून जातो. स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, कार्पेटखाली हात घाला, सीटच्या रुळांवर गंज आहे का पाहा. इंजिन दुरुस्त होतं हो, पण वायरिंगचे कनेक्टर आतून गंजत राहतात आणि पुढे एकेक सेन्सर दगा देतो. विम्याच्या क्लेमची माहितीही मागा. मालक तुमच्या मेकॅनिकला गाडी दाखवू देत नसेल, तर बयाणा देऊच नका.