वृद्धाश्रमातली रात्रपाळी : काम करणाऱ्यांचे अनुभव

कोल्हापुरातल्या वृद्धाश्रमांत आणि केअर सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी इथं लिहावं. स्वतःची कहाणी नको. काम कसं करायचं आणि ते कुठं, कशामुळं बिघडतं तेवढं सांगा.

काळजीवाहक, कळंबा
अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर २ तासांनी बदलायची, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. कूस बदलणं, डायपर बघणं, चादरीच्या सुरकुत्या काढणं, याला दोघींना मिळून माणशी १० मिनिटं लागतात. असे १० जण असले की एका फेरीला १०० मिनिटं गेली, हातात असतात १२०. राहिलेल्या वीस मिनिटांत कुणाला संडासला न्यायचं, कुणी घाबरून हाका मारत असेल तर जवळ बसायचं.

मावशी एकटीच असेल तर ती आज्जींना उचलू शकत नाही, काखेत हात घालून वर ओढते. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड सरकतं आणि माकडहाडापाशी जखम सुरू होते. ड्रॉशीट, म्हणजे अंगाखाली घातलेली आडवी चादर, दोन्ही बाजूंनी धरून उचलायची असते, आणि त्याला दोन माणसंच लागतात.

पूर्ण कुशीवर झोपवू नका, खुब्यावर भार येतो. पाठीला उशी देऊन ३० अंश पुरे. पोटरीखाली उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात. लाल डाग बोटानं दाबून फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात समजा, तिथं मालिश अजिबात नको. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, आणि लाइट गेली की त्यातली हवा उतरते.

स्टाफ नर्स
पाळी ८ ते ८. जाणारीला वडापची जीप गाठायची असते, येणारी सव्वाआठला पोचते. मधल्या पंधरा मिनिटांत काय सुटतं? इन्सुलिन दिलं, पण आबांनी नाश्ता अर्धाच खाल्ला, ही गोष्ट सांगायची राहून जाते. अकराला साखर उतरून त्यांना घाम फुटतो, ते बरळायला लागतात आणि ‘वयामुळं होतं’ म्हणून सोडून दिलं जातं. आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात हलवा. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच द्यावं.
दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवा, आणि त्या अर्ध्या तासाचा पगार द्या. फुकट थांबा म्हटलं तर कोण थांबणार?

स्वयंपाकघर
अर्धांगवायूनंतर पातळ पाण्यानं, चहानं ठसका लागतो. घट्टसर आंबील, गिरगट भात चालतो. घरचे लोक मायेनं भडंग आणतात, ते यांच्यासाठी धोक्याचं. भरवताना ताठ बसवायचं, छोटा चमचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास गिळल्यावर आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. एकाला भरवायला २० ते ३० मिनिटं लागतात. घाई झाली की घास श्वासनलिकेत जातो.

व्यवस्थापन
जुलै-ऑगस्टमध्ये चादरी वाळत नाहीत. खाटेमागे ३ जोड एरवी पुरतात, पावसाळ्यात ६ लागतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. औषधं, डायपर, पिण्याचं पाणी यांचा १५ दिवसांचा साठा जूनअखेर करून ठेवा.

दिवसपाळीची सुपरवायझर
वृद्धाश्रम बघायला येणाऱ्या नातेवाइकांनी कूस बदलल्याचा तक्ता मागावा. रात्री १०, १२, २, ४ च्या नोंदी एकाच शाईत, एकसारख्या ओळीत दिसल्या तर त्या पहाटे एका बैठकीत भरलेल्या असण्याची शक्यता मोठी. त्यावरून मावशीला बोलू नका. रात्री किती खाटांमागे किती माणसं असतात, ते मालकांना विचारा.