संगमापासून भिगवणपर्यंत कयाक, एकट्याने?

प्रश्न
सिंहगड रोडला राहतो, वय ४६. फुगवायची कयाक (छोटी वल्हवायची नाव) घेतलीय, गावच्या तळ्यात पाच-सहा रविवार वल्हवलंय. आता डोक्यात किडा: पुण्यातल्या संगमापासून मुळा-मुठेतून भीमेत, मग उजनी धरणाच्या फुगवट्यात. एकटाच. खडकवासल्यातूनच निघणार होतो, पण शेजारी एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी. बायको म्हणाली, "आधी कोठडीत वल्हव." मग खडकवासल्याच्या कालव्याने गेलो तर?

प्रतिसाद १
कालवा विसरा. आवर्तन (शेतीसाठी सोडायचं पाणी) सुटलं की धार जोरात. तिरपे काठ, त्यावर शेवाळ. एकदा आत पडलात की पाय ठरत नाही.

प्रतिसाद २
मी थेऊरकडचा. उन्हाळ्यात इथे नदी दिसतच नाही, सगळी जलपर्णी. वल्हं अडकतं, नाव हलत नाही. शिवाय नदीला आडवे कोल्हापुरी बंधारे: दर वेळी उतरा, नाव डोक्यावर घ्या, पलीकडे सोडा. आणि तोंडावर पाणी उडू देऊ नका. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी आहे ते.

प्रतिसाद ३
उजनीला तळं समजू नका. मे २०२४मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. हिवाळ्यात या, सकाळीच वल्हवा, दुपारी काठाला. लाइफ जॅकेट अंगात हवं, पिशवीत नव्हे. आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यात घुसू नका, लांबूनच बघा.

प्रश्नकर्ता
बरं, पुणं वगळतो. दौंडच्या खालून, डिसेंबरात. सोबत एका भिगवणच्या मच्छीमाराची होडी असेल. म्हणजे 'एकट्याने' गेलंच. घरी अजून सांगायचंय.