प्रति: जबड्याचं ऑपरेशन झालं की संपलं का?

"एकदा ऑपरेशन झालं की सुटलो" हे वरचं मत नाही पटलं. माझा भाचा लहानपणी हनुवटीवर आपटला आणि जबड्याचा सांधा हाडाने जुळून घट्ट झाला, तोंडच उघडेना. दातांच्या फटीतून पोळीचा तुकडा कसाबसा आत सरकवायचा. सर्जननी जुळलेलं हाड काढून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पदर घातला, टेबलावर तोंड ३५ मिमी उघडलं. खरी कसोटी घरी! दुखतं म्हणून पोरगं पळायचं, ताई रडायची, तरी तोंड उघडायच्या व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची चळत रोज दातांत, एकेक काडी वाढवत. हाड कमी काढलं किंवा व्यायाम सुटला, तर सांधा पुन्हा जुळू शकतो. आणि हो, काढलेल्या सांध्याच्या जागी बरगडीचा तुकडा बसवणार असतील तर तो कधीकधी नको इतका वाढतो, तेही डॉक्टरांना आधीच विचारा.